सहा सागवानी खुर्च्या: सांधे, वेत आणि पॉलिशच्या नोंदी

१२ एप्रिल

सहाही खुर्च्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी आल्या. नागभीडजवळ एका बंद पडलेल्या राइस मिलच्या मालकाच्या घरचं सामान निघालं, त्यातल्या या. सगळ्या मिळून ६,००० रुपये, ट्रॉलीचे ५०० वेगळे.

स्थिती अशी. दोघींचा वेत पूर्ण फाटलेला. एकीवर वेताऐवजी प्लायवूड खिळ्यांनी ठोकून वर रेक्झिन चढवलेलं. चौथीचा मागचा उजवा पाय उभा चिरलेला. उरलेल्या दोन दिसायला धड, पण बसलं की डावी-उजवीकडे डुलतात. सगळ्यांवर काळपट व्हार्निशचा जाड थर. वाळवी कुठेच नाही, कारण लाकूड सागाच्या गाभ्याचं आहे. फक्त एका पट्टीच्या कडेला सालीकडचा पांढरा भाग राहिलाय आणि किड्याने नेमका तोच पोखरून भुसा केलाय. जुनं सागवानी सामान घेताना आधी हा पांढरा भाग शोधा. कीड असली तर तिथेच सापडते.

१५ एप्रिल

विकणाऱ्याने "या चंदीगडच्या खुर्च्या आहेत, परदेशात लाखांना जातात" म्हणून आधी पंचवीस हजार मागितले होते. खुर्च्या उलट्या करून नीट तपासल्या. चंदीगडच्या सरकारी खुर्च्यांवर बऱ्याचदा कार्यालयाचं नाव किंवा क्रमांक रंगवलेला असतो. यांच्यावर तसं काही नाही. मापंही थोडी वेगळी आहेत, आणि मिल मालकाच्या घरची वडीलधारी मंडळी सांगतात की गावातच सुतार बसवून करून घेतल्या होत्या. मला तेच खरं वाटतं.

पण घडण त्याच घराण्याची आहे, यात शंका नाही. चंदीगड शहर आखणारे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ मध्ये चंदीगडला आले आणि १९६५ पर्यंत तिथे राहिले. नव्या राजधानीच्या कचेऱ्या, महाविद्यालयं, वाचनालयं, घरं या सगळ्यांना फर्निचर हवं होतं, तेही हजारोंनी. त्यांनी आणि यूली चौधरींसारख्या त्यांच्या सहकाऱ्यांनी साग, शिसवी आणि वेत वापरून अशा रचना केल्या की त्या कुठल्याही छोट्या कारखान्यातल्या सुताराला जमाव्यात. लाकूड वाकवायचं नाही, महागडं यंत्र नको. सरळ तुकडे, तिरपा काप, कूस (लाकडाचं दुसऱ्यात शिरणारं टोक) आणि ती बसायची खाच. म्हणून तर तिथल्या एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या तंतोतंत सारख्या सापडत नाहीत. आणि म्हणूनच ती रचना आमच्या धानाच्या पट्ट्यातल्या एखाद्या सुतारापर्यंत पोचली असेल तर मला नवल वाटत नाही.

पुढे त्याच खुर्च्या कचेऱ्यांच्या गच्च्यांवर ढीग लावून टाकल्या गेल्या, भंगारात निघाल्या, आणि परदेशी लिलावांत पोचल्यावर त्यांची किंमत कळली. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्यांच्या विक्रीला आणि बाहेर नेण्याला आळा घालणारा आदेश काढला. तुमच्याकडच्या खुर्चीला कोणी 'चंदीगडची' म्हणून भाव सांगत असेल, तर कागद मागा. आणि नसली चंदीगडची, तरी ती कमी होत नाही. या सहा खुर्च्या मला इथल्या म्हणूनच हव्या आहेत.

२० एप्रिल

आज रचना समजून घेण्यातच दुपार गेली, पण हा वेळ पुढे कामी येणार.

खुर्ची बाजूने पाहिली की पुढचा आणि मागचा पाय खाली फाकलेले, वर हाताच्या पट्टीखाली एकत्र आलेले. बैठकीची बाजूची पट्टी त्या दोन पायांना मधे जोडते. म्हणजे प्रत्येक बाजू हा एक त्रिकोण आहे, आणि त्रिकोण मोडल्याशिवाय हलत नाही. मागे रेलून बसणारा माणूस जो जोर टाकतो, तो या त्रिकोणात जिरतो. पण डाव्या आणि उजव्या त्रिकोणांना एकमेकांशी धरून ठेवायला फक्त पुढची आणि मागची पट्टी आहे. म्हणून या खुर्च्या पुढे-मागे कधी हलत नाहीत, डुलतात त्या आडव्या दिशेला. आमच्या सहापैकी ज्या हलतात त्या सगळ्या तशाच हलतात. दुरुस्तीचा जोर कुठे लावायचा, हे यावरून ठरलं: पुढच्या-मागच्या पट्टीचे चार सांधे. बाकीचे सांधे घट्ट असतील तर उघडायचेच नाहीत.

गावचे सुतारमामा येऊन पाहून गेले. म्हणाले, "बाई, सगळी खोलू नका जी. जो सांधा बोलते तोच खोला." खुर्ची हलवून कान लावला तर सैल सांधा खरंच टक्-टक् करतो.

२४ एप्रिल

सांधे उघडले. जुना चिकटा सरसाचा आहे. ओळखायची रीत सोपी: ओघळावर कोमट पाण्याचा थेंब ठेवायचा. सरस असेल तर दहा मिनिटांत चिकट होतो आणि ओल्या कातड्यासारखा वास येतो. मग गरम पाण्यात बुडवलेली पट्टी सांध्याभोवती गुंडाळायची, अधूनमधून बदलायची, आणि लाकडाचा ठोकळा आड ठेवून मोगरीने हलके ठोकायचं. घाई केली तर कूस मुळातून तुटते.

सांधा सुटल्यावर कुशीच्या गालावर, म्हणजे सपाट बाजूवर, पटाशीच्या खुणा दिसल्या. एका सांध्याला एक खाच, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, आणि जिथे ती कूस बसते त्या पायाच्या आतल्या अंगाला तितक्याच खाचा. ज्याने खुर्ची घडवली त्याने प्रत्येक कूस तिच्या घरासाठी हाताने उतरवली होती आणि जोडताना अदलाबदल होऊ नये म्हणून जोड्या लावून ठेवल्या होत्या. त्या खुणा मी बोटाने कितीतरी वेळ चाचपत होते. एक सांगते: सहा खुर्च्या एकदम उघडू नका. एकीचा भाग दुसरीला बसतोय असं वाटतं, पण बसत नाही. मी खुर्चीगणिक वेगळी बारदान पिशवी केली आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने क्रमांक टाकला.

प्लायवूड ठोकलेल्या खुर्चीला मधे कधीतरी पांढऱ्या ग्लूने आणि खिळ्यांनी 'पक्कं' केलंय. तो ग्लू पाण्याने सुटत नाही, खरवडूनच काढावा लागतो. खिळे गंजून सागात काळे डाग उतरलेत. या एका खुर्चीला बाकी तिघींइतका वेळ गेला. खुर्चीत खिळा मारणाऱ्याने पुढच्या माणसाचं सगळं काम वाढवून ठेवलेलं असतं.

२९ एप्रिल

चिरलेल्या पायासाठी साग हवा होता. बल्लारपूरच्या सरकारी लाकूड डेपोचा लिलाव दोन फूट लाकडासाठी नसतो, आणि नवीन साग आणायचा तर वाहतूक परवाना लागतो. शेजारच्या गावात पडक्या घराची जुनी चौकट निघाली होती, तिच्यातला तुकडा मिळाला, ४०० रुपये. जुनं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं, पुन्हा फारसं आकसत नाही, रंगही लवकर मिळतो. करवत लावायच्या आधी एकूण एक खिळा काढा. चौकटीत आत मोडलेला खिळा होता, मामांच्या रंध्याचं पातं दातरलं. पातं धार लावायला ८० रुपये मी दिले.

पूर्ण पाय बदलला नाही. चिरलेला भाग लांब तिरपा कापून तिथे नवा तुकडा जोडला. तिरपा जोड पायाच्या जाडीच्या निदान आठपट लांब हवा, असं मामांचं म्हणणं. आखूड जोड कितीही चिकटवला तरी वजनाला सुटतो.

५ मे

वेताला पर्याय शोधला. आमच्या भागात बांबू मुबलक, बुरडांच्या हातात कसब आहे, चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. मग बाहेरचा वेत कशाला, असा माझा हट्ट होता. बुरडाच्या घरच्या काकूंनी फार सुबक कामट्या काढून दिल्या. उभ्या-आडव्या ओळी छान बसल्या. पण छिद्रातून खाली वळवताना कामटी कडेवर चिरते. भिजवून, पातळ करून, उकळूनही पाहिलं. वेत आतून भरीव असतो, त्याच्या सालीचे धागे लांब आणि चिवट, म्हणून तो काटकोनात वळतो. बांबू सरळ रेषेत ताकदवान, पण अरुंद वळणावर फुटतो. काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "सूप होईल, टोपली होईल, हे नाही होत." त्यांचे ३०० रुपये मजुरीचे, ते योग्यच गेले.

प्लास्टिकच्या वायरचा सल्लाही बऱ्याच जणांनी दिला. ती उन्हाळ्यात ढिली पडते आणि घामाने चिकटते. आणखी एकाने दोरीची बैठक सुचवली, डेन्मार्कच्या हान्स वेग्नरच्या १९४९ च्या खुर्चीसारखी. तिच्या बैठकीला सुमारे १२० मीटर कागदी दोर लागतो. सुंदर खुर्ची आहे. पण तिथे दोर पट्ट्यांभोवती गुंडाळला जातो, त्यासाठी पट्ट्या गोलसर आणि तशाच उंचीच्या केलेल्या असतात. आमच्या पट्ट्या चपट्या, कडेला ओळीने छिद्रं पाडलेल्या. ज्या बैठकीसाठी चौकट केली आहे तीच बैठक तिला शोभते आणि तीच टिकते.

११ मे

नागपूरला इतवारीतून वेताची पट्टी आणली. छिद्रांमधलं अंतर साधारण अर्धा इंच, त्याला अडीच मिलिमीटरची पट्टी. तिरप्या ओळींसाठी थोडी रुंद. सहा बैठका आणि पाठींसाठी ५,८०० रुपये. पट्टी घेताना बोटाभोवती वळवून पाहा. चकचकीत बाजू तडकली तर तो गठ्ठा जुना आहे, घेऊ नका.

पहिल्या बैठकीची वेण निम्म्यावर आली आणि एकामागून एक पट्ट्या तुटायला लागल्या. बाहेर ४४ अंश, घरात पंखा. अर्धा तास भिजवलेली पट्टी हातात असतानाच वाळत होती. जास्त वेळ भिजवली तर उलटंच झालं, साल फुगून धागे सुटले. सगळं उसवलं.

१७ मे

नागपूरच्या त्या दुकानदारानेच पत्ता दिला होता. सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या आयुष्यभर विणलेले एक दादा आहेत, आता घरीच असतात. त्यांना दिसत नाही. आपल्याकडे अंध विद्यालयांतून वेताच्या खुर्च्या विणायचं शिक्षण वर्षानुवर्षं दिलं गेलं, त्यातलेच ते. सुट्टी चौकट घेऊन गेले.

दादांनी आधी विणायला घेतलंच नाही. चौकटीच्या कडेवरून अंगठा फिरवत छिद्रं मोजली, मग समोरासमोरच्या बाजूंची पुन्हा मोजली. "ताई, पुढे दोन भोकं जास्त आहेत. बैठक पुढे रुंद आहे ना. मधून सुरू करा, कडेची दोन शेवटी आखूड ओळीने भरा." मी कडेपासून सुरू करत होते, म्हणून ओळी तिरक्या जात होत्या.

मग पाण्याचं. "तुम्ही काहून एवढा वेळ भिजवून राहिल्या? वीस मिनिटं पुरे. भिजली की काढा, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. लागेल तशी एक-एक काढा." आणि पहिल्या दोन थरांना ताण द्यायचा नाही. उभी ओळ, आडवी ओळ, त्यावर पुन्हा उभी, या तिन्ही नुसत्या एकावर एक. खरी वीण चौथ्या थरापासून, खाली-वर करत. ताण त्या विणीतून आपोआप येतो. नंतर दोन्ही तिरपे थर. पहिल्याच थराला करकचून ओढलं, तर पाचव्या थराला पट्टी आत शिरत नाही आणि जोर लावला की तुटते. माझ्या पट्ट्या तुटण्याचं निम्मं कारण हे होतं, ऊन निम्मंच.

तिरपी पट्टी घालताना दादा तिची बाजू ओठांना लावून पाहतात. योग्य बाजूने घातली तर ती दोन पट्ट्यांच्या मधल्या खोबणीत सरकते, उलटी घातली तर काठाला अडते आणि झिजते. मला अजून ते डोळ्यांनीच पाहावं लागतं. त्यांनी शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत. दोन बैठका विणायला त्यांच्याकडेच ठेवल्या, त्यांच्या दराने, प्रत्येकी ९०० रुपये.

२३ मे

वेत पहाटे चार ते आठ या वेळात, कूलरसमोर. या बदलाने पट्टी तुटणं जवळपास थांबलं. वीण झाल्यावर वेत वाळताना स्वतःच आवळतो. बोटाने टिचकी मारली की ताशासारखा वाजला पाहिजे.

२७ मे

सांधे चिकटवायला घेतले आणि पांढऱ्या ग्लूने दगा दिला. या उन्हात तो लावता-लावता साय धरतो. चार सांधे एकदम बसवायचे असतात, चौथ्यापर्यंत पोचेतो पहिला वाळलेला. उन्हाळ्यात हाच ग्लू वापरायचा असेल तर पहाटेच. मी सरसाकडे वळले. सरस थंड झाला की गोठतो, त्यामुळे आमच्या तापलेल्या पडवीत तो उलट जास्त वेळ काम करू देतो. रात्रभर भिजवून, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून तापवायचा, साठ अंशांच्या आसपास. उकळला की त्याची पकड जाते. सरस जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होतो, घरात चालत नसेल त्यांनी तसं ठरवावं. माझ्यासाठी मोठी गोष्ट ही की चाळीस वर्षांनी कोणाला सांधा उघडायचा झाला तर कोमट पाणी पुरेल.

जुना चिकटा पूर्ण खरवडा, पण लाकूड खरवडू नका, कूस आणखी सैल होते. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी सांधा स्पिरिटने पुसा. जिथे कूस सैल होती तिथे सागाची कागदासारखी पातळ चीप गालाला चिकटवून पुन्हा उतरवली. लाकडाचा भुसा आणि ग्लू कालवून भरण्याने काही महिने निभतं, पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आकसलं की तो लगदा सुटतो.

दुसरी अडचण शिकंज्याची, म्हणजे सांधा वाळेतो आवळून धरायच्या साधनाची. पाय तिरपे असल्याने आवळलं की शिकंजा घसरतो. चौकटीच्या उरलेल्या लाकडातून पायाच्या कलाइतक्याच तिरप्या पाचरी कापल्या, त्या पायाला दोरीने बांधल्या, मग आवळलं. नीट धरलं. शिकंजे दोनच होते, बाकी खुर्च्यांना सुती दोर गुंडाळून काठीने पीळ दिला.

४ जून

मिलमधला धान मोजायचा काटा घरी आला होता, त्यावर खुर्ची ठेवली: सात किलोच्या वर. प्लायवूडवाली नऊपर्यंत गेली होती. इटलीच्या ज्यो पोंतींची १९५७ ची सुपरलेजेरा ही वेताच्या बैठकीची जेवणाची खुर्ची १.७ किलोची आहे, पण तिचं लाकूड ॲश नावाच्या झाडाचं, पाय १८ मिलिमीटरचे आणि हात नाहीत. सागाची हातांची खुर्ची तिथवर जाणार नाही. तरी वेत हा दोन्हीकडे त्याच कामाचा आहे: वजन न वाढवता माणूस पेलणं, आणि खालून हवा लागू देणं. आमच्या मे महिन्यात त्या हवेची किंमत बसणाऱ्याला कळते. लोखंडी पट्ट्या, फोम, प्लायवूड लावताना या रचनेतलं नेमकं हेच आपण काढून टाकतो.

९ जून

पॉलिश. वरचा थर कशाचा आहे ते आधी ओळखा. कापसाला स्पिरिट लावून आडोशाच्या जागी घासा. लाखेचं पॉलिश असेल तर विरघळून कापसावर येतं, व्हार्निश असेल तर नाही. आमच्याकडे वर व्हार्निश आणि खाली लाख निघाली. व्हार्निश काचेच्या धारदार तुकड्याने आणि पातीने खरवडलं, यंत्र लावलं नाही. पायांच्या कडा मूळ सुताराने हाताने किंचित मोडलेल्या आहेत, यंत्राने त्या गोल होऊन गेल्या असत्या. खिळ्यांचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने उतरले. ते विषारी आहे. हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा आणि नंतर भरपूर पाण्याने पुसा.

२२ जून

पाऊस लागला आणि जवसाच्या तेलाने घोळ केला. घाणीवरचं कच्चं तेल जाड लावलेल्या दोन खुर्च्या बारा दिवस झाले तरी चिकट आहेत, धूळ बसून मखमल झाली. टर्पेंटाइनने सगळं पुसून काढलं. आता रीत अशी: तेलात निम्मं टर्पेंटाइन, कापडाने पातळ हात, वीस मिनिटांनी जेवढं पुसता येईल तेवढं पुसायचं, आणि ऊन निघेल तेव्हाच पुढचा हात. आपल्याकडे जवस पिकतो, तेल स्वस्त आहे, सागावर त्याचा रंगही फार गोड येतो, पण ते एप्रिल-मे मध्येच लावा. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा नाहीतर दोरीवर पसरून वाळवा.

शाळा उघडण्याआधी संपवायचं होतं, ते होणार नाही.

६ जुलै

ओल्या फरशीने कुजलेली पायांची टोकं समान केली. कडाप्प्याच्या सपाट दगडावर खुर्ची ठेवली, आखूड पायाखाली पाचर घातली, तिच्या जाडीइतकी रेघ बाकीच्या पायांवर आखून कापलं. एका वेळी एक पाय कापत गेलं तर खुर्ची उतरत जाते आणि तरी डुलतेच. जेवणाच्या टेबलाची उंची ७५ सेंटिमीटर, बैठक ४४ वर आली. टोकांना लाखेचे दोन हात, पाणी वर चढू नये म्हणून.

खर्च: खुर्च्या आणि ट्रॉली ६,५००. वेत ५,८००. दादांची मजुरी १,८००. सुतारमामांची मजुरी ३,६००. चौकटीचं लाकूड ४००. कामट्या ३००. पातं ८०. सरस, स्पिरिट, तेल, टर्पेंटाइन, ॲसिड, पॉलिशपेपर मिळून १,४५०. एकूण १९,९३०. पहिल्यांदा फुकट गेलेला वेत यात धरलेला आहे.

पाच खुर्च्या वापरात आहेत. सहावीची पाठ विणायची राहिली. वेत गोणपाटात ठेवला होता, त्याला बुरशीचे ठिपके आले. कोरड्या कापडाने पुसून पंख्याखाली टांगलाय. दमट हवेत विणलेला वेत पुढे हिवाळ्यात नको तेवढा आवळतो आणि नाजूक चौकट ओढून धरतो, असं दादांनी फोनवर सांगितलं. तेव्हा ती पाठ दिवाळीच्या सुट्टीत.